अदलाबदलीचा अर्ज

औषधाच्या दुसऱ्या कुपीच्या चौथ्या दिवशी राजशेखर ऐनापुरे चहा गाळत होते. मागून शैला म्हणाली, "गाळणी धुतलीत का आधी, कंट्रोलर?"

त्यांनी गाळणी नळाखाली धरली, धुतली, चहा गाळला. दोन कप भरले. दुसरा कप ओट्यावर ठेवताना त्यांचा हात थांबला. शैलाला जाऊन चौदा महिने झाले होते.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तिथं कुणी नाही हे त्यांना माहीत होतं. आवाज बाहेरून आलाच नव्हता. तो आठवणीतून आला होता, पण इतका ताजा की तिनं दातात धरलेली पिनसुद्धा त्यात ऐकू येत होती. केस बांधताना ती अशीच दात आवळून बोलायची. हे ते चौदा महिन्यांत साफ विसरले होते.

त्यांनी रोजनिशी काढली आणि लिहिलं, "सकाळी सात दहा. शैला बोलली. पिन दातात होती." रोजनिशी लिहिणं ही केंद्राची अट होती.

केंद्र मिरजेच्या बाहेर होतं, नवीन वसाहतीच्या टोकाला. जवळचं माणूस गेल्यावर वर्ष उलटूनही जे सावरत नाहीत, अशांसाठी तिथं नाकात फवारायच्या औषधाचा प्रयोग चालू होता. पहिल्या दिवशी चोवीस जणांना एका हॉलमध्ये बसवून डॉक्टर मृण्मयी बापट यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. बाई पस्तिशीच्या, बोलायला स्वच्छ.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे," त्या म्हणाल्या. "आपण ती बाहेर काढली की ती ओली होते. ओल्या सिमेंटसारखी. काही तासांनी परत घट्ट होते. ओली असताना तिच्यावर जे उमटेल ते राहतं, आणि तिच्यातून जे निघेल ते कायमचं जातं. आमची दोन औषधं आहेत. 'क' औषध आठवण उघडतं आणि ओली ठेवतं. माणूस समोर बसल्यासारखं आठवतं. 'ग' औषध आठवणीला चिकटलेलं दुःख परत घट्ट होऊ देत नाही. आणि 'ख' म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, तुलनेसाठी. तुम्हा प्रत्येकाला तिन्ही मिळणार आहेत. प्रत्येकी तीन आठवडे, मध्ये दोन आठवडे मोकळे. कुठलं कधी, ते तुम्हालाही सांगणार नाही आणि मलाही कळणार नाही."

"सगळ्यांना एकाच क्रमानं द्या की," कुणीतरी म्हणालं.

"जिलबी खाऊन चहा प्यायलात तर चहा अगोड लागतो. चहा तोच असतो. सगळ्यांनाच आधी जिलबी दिली, तर चहाच अगोड आहे असा निष्कर्ष निघेल. म्हणून तीन औषधांचे जे सहा क्रम होतात, ते सगळे वापरायचे. एका क्रमाला चार माणसं. आधीच्या औषधाचा काही अंश पुढच्यात उतरलाच, तर तो सगळीकडे सारखा वाटला जातो आणि सरासरीत फिटतो."

ऐनापुऱ्यांनी हात वर केला. "मॅडम, हा तर ड्यूटी चार्ट झाला."

हॉलमध्ये हशा पिकला. पण ऐनापुरे थट्टा करत नव्हते. एस.टी.च्या डेपोत त्यांनी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. पुढं चार्ट यंत्र लावायला लागलं, तोवर कुणाला कुठली गाडी हे तेच ठरवत. पहाटेची पुणे, दुपारची कोल्हापूर, उमदीची मुक्कामी. मुक्कामीनंतर लगेच पहाटेची कुणाच्या नशिबी येऊ नये, कारण आधीच्या ड्यूटीचा शीण पुढच्या ड्यूटीत उतरतो. पण एखाद्या आठवड्यात ती कुणाच्या तरी वाट्याला यायचीच. तो माणूस भांडायला आला की ऐनापुरे म्हणत, "गाडी तर सुटली पाहिजे ना? प्रत्येक ड्यूटी कुणीतरी करावीच लागते." हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नव्हती.

पहिल्या कुपीनं त्यांना काहीच झालं नव्हतं. म्हणजे ती मिठाचं पाणी. दुसरीनं शैला आली. म्हणजे ती 'क'. तिसऱ्या कुपीत काय असणार हे कळायला कंट्रोलर असायची गरज नव्हती.

दुसरी कुपी संपली आणि मोकळे दोन आठवडे सुरू झाले. सात दिवस गेले तरी शैला काही कमी झाली नाही. भाजीला जाताना ती पिशवीची आठवण करायची. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका भांडणात ती नेमकं काय म्हणाली होती, तेही त्यांना शब्दाला शब्द ऐकू आलं, आणि चूक त्यांचीच होती हे आता कळलं. औषध बंद होतं आणि दार मात्र उघडंच होतं.

आठव्या दिवशी ते छाया माळींकडे गेले. छायावहिनी म्हणजे डेपोतले ड्रायव्हर हणमंत माळी यांच्या पत्नी. हणमंत वारले तेव्हा बाईंनी अन्नपाणी सोडलं होतं. प्रयोगाच्या पहिल्या तुकडीत त्या होत्या आणि खडखडीत बऱ्या झाल्या असं सगळे सांगत होते. त्यांचं बघूनच ऐनापुऱ्यांनी नाव नोंदवलं होतं.

वहिनींनी हसत दार उघडलं. तब्येत सुधारली होती. त्यांनी पोहे केले. समोरच्या भिंतीवर खाकी गणवेशातले हणमंत होते. फोटोला ताजा हार होता.

"रोज घालता?" ऐनापुऱ्यांनी विचारलं.

"रोज. गुरवाचं पोर फुलपुडी टाकतंय दारात, बंद कशाला करायची?" वहिनी फोटोकडे बघत म्हणाल्या. मग आवाज थोडा खाली आणून त्यांनी विचारलं, "ऐनापुरेभावजी, तुम्ही डेपोतलेच. तुम्ही ओळखत असाल. कोण हो हे?"

ऐनापुऱ्यांनी चमचा बशीत ठेवला.

"मालक होते माझे, एवढं मला ठाऊक आहे," वहिनी समजूत घातल्यासारखं बोलल्या. "रेशनकार्डावर नाव आहे. लोक सांगतात. पण माणूस कसा होता विचाराल, तर काही येतच नाही बघा समोर. स्वभावानं बरे होते का?"

"बरे होते," ऐनापुरे म्हणाले. "हॉर्न फार वाजवायचे."

"असं होय!" वहिनी मनापासून हसल्या.

त्यांची रोजनिशी टेबलावरच होती. कुठल्या परक्या बाईची वही दाखवावी तशी त्यांनी ती पुढं केली. पहिले तीन आठवडे, काही फरक नाही. पुढचे तीन आठवडे पानंच्या पानं भरलेली. "हणमंत पायरीवर बसून बूट काढत होते. डाव्या बुटाची नाडी दातानं सोडली." मग मोकळे दिवस, तेही भरलेले. मग तिसरी कुपी. पहिल्या दिवशी अर्धं पान. पाचव्या दिवशी दोन ओळी. अकराव्या दिवशी, "झोप चांगली लागली." आणि तिथून पुढं प्रत्येक पानावर तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ऐनापुरे डॉक्टर बापटांसमोर बसले होते.

"दोन आठवडे पुरत नाहीत, मॅडम. 'क'नं आठवण सगळीच ओली राहते. त्यावर लगेच 'ग' दिलं तर नुसतं दुःख निघत नाही, माणूसच निघून जातं. सहा क्रमांतल्या दोनांत 'क'च्या पाठीला 'ग' येतं. चोवीसात आठ माणसं."

डॉक्टरांनी बराच वेळ पडद्यावरचे आकडे खालीवर केले. "पहिल्या तुकडीत आठ जणांचा शोकांक, म्हणजे उरलेल्या दुःखाचा आकडा, शून्य आला आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्ही त्याला सगळ्यात चांगला परिणाम समजत होतो. एकाचीही तक्रार नाही."

"तक्रार करायला काय हरवलं ते माहीत पाहिजे ना?"

त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "मी समितीला आजच लिहिते. पण एका माणसाच्या सांगण्यावरून प्रयोग थांबत नाही. उत्तर यायला चार-पाच महिने लागतील. तुम्ही मात्र आज बाहेर पडू शकता. तो तुमचा हक्क आहे."

"आणि माझी जागा?"

"यादीतलं पुढचं नाव येईल. सुरुवातीपासून, पण तुमच्याच क्रमानं. नाहीतर ओळ असमतोल होते."

"स्पेअर," ऐनापुरे म्हणाले.

डेपोतही तसंच होतं. एखादा गैरहजर राहिला की त्याची ड्यूटी रद्द होत नसे. बाकावर बसलेल्या स्पेअर कंडक्टरला ती जायची. आणि इथला स्पेअर कोण हे त्यांना न सांगताच कळलं होतं. बाहेरच्या बाकावर दर सोमवारी एक बाई येऊन बसायची आणि कुणी गळलं का म्हणून विचारायची. उज्ज्वला सुतार. बेडगच्या रस्त्याला तिची पिठाची गिरणी होती. एकवीस वर्षांची मुलगी, ईश्वरी, मागच्याच्या मागच्या दिवाळीत तापानं गेली होती. नवरा पूर्वीच वेगळा राहायला गेलेला.

आज सोमवार होता. ती बाकावर होतीच.

"ओ साहेब, सुटताय का?" तिनं विचारलं. भुवयांत पीठ होतं.

"सुटतोय. पण माझी जागा घेऊ नका. चला, तुम्हाला एक घर दाखवतो."

छायावहिनींनी पुन्हा पोहे केले. फोटोचा प्रश्न पुन्हा विचारला. उज्ज्वलानं सगळं ऐकून घेतलं, रोजनिशी शेवटपर्यंत चाळली आणि एकच विचारलं, "वहिनी, झोप लागते?"

"पडल्या पडल्या."

जिना उतरताना उज्ज्वला म्हणाली, "मग मला चालतंय."

"अहो, मुलगीच जाईल तुमची!"

"गेलीच की." ती रस्त्याच्या कडेला थांबली. "साहेब, त्या दिवशी भाजणीची गर्दी होती. बत्तीस डबे रांगेत. पोरगी म्हणाली, आई, लई अंग तापलंय, दवाखान्यात जाऊया. मी म्हणाले, थांब, एवढं दळण होऊ दे, सकाळी नेते. सकाळी नेलं. दोन दिवसांनी आणलं. आता पट्टा फिरायला लागला की मला तेवढंच ऐकू येतंय. गिरणी बंद ठेवली तर खाऊ काय? तुम्हाला तुमची बायको ठेवायची आहे, ठेवा. मला हे नको आहे."

ऐनापुऱ्यांना डेपो आठवला. उमदीची मुक्कामी सगळ्यांना नकोशी असायची, पण एका कंडक्टरची सासुरवाडी तिथं होती आणि तो दर आठवड्याला तीच मागायचा. अशा वेळी दोघं मिळून अर्ज द्यायचे. कोऱ्या कागदावर दोन ओळी, 'आपसात राजीखुशीनं ड्यूटी बदलून घेत आहोत', खाली दोघांच्या सह्या आणि कंट्रोलरची खूण. याची ड्यूटी त्यानं करायची, त्याची यानं. कुणाचंच नुकसान नाही. एकतीस वर्षांत त्यांनी असे शेकडो अर्ज मंजूर केले होते.

त्यांनी तिला ते सांगितलं. चूक झाली ती इथं.

"मग तसंच करूया की," उज्ज्वला लगेच म्हणाली. "तुमचं विसरणं मी करते. माझं लक्षात ठेवणं तुम्ही करा. पोरगी अगदीच कुणाची राहिली नाही, असं नको. मी सांगते सगळं. लिहून घ्या."

"लिहायला कशाला? माझी स्मरणशक्ती चांगली आहे," ऐनापुरे म्हणाले.

केंद्रातून नाव काढलं त्याच दिवसापासून ते रोज दुपारी गिरणीवर जाऊ लागले. दोन ते चार गिरणी बंद असायची. रिकाम्या डब्यांवर समोरासमोर बसून उज्ज्वला सांगायची. ईश्वरीला पावडरचा वास आवडायचा नाही. ती भाजणी कच्चीच चिमटीनं तोंडात टाकायची. रागावली की बोटं मोडायची, एकेक करून, दहाही. तिसरीत गॅदरिंगला ती झाड झाली होती आणि झाडानं हलायचं नसतं म्हणून नाकावर माशी बसली तरी हलली नव्हती. पिवळी ओढणी तिची लाडकी. ती अजून गिरणीच्या खिळ्यावर होती, शेवटच्या दिवशी अडकवलेली. आणि आठव्या दिवशी उज्ज्वलानं तो दिवाळीचा दिवस सांगितला. बत्तीस डबे, ताप, सगळं. सांगताना ती रडली नाही. ऐनापुऱ्यांचेच डोळे भरून आले.

मग त्यांनी अर्ज काढला. डेपोतलाच जुना कागद. दोघांनी सह्या केल्या. खूण करायची जागा रिकामी होती, तिथंही ऐनापुऱ्यांनीच खूण केली.

उज्ज्वलाचा प्रयोग सुरू झाला. सात आठवड्यांनी तिचा फोन आला. "साहेब, आली ओ. उभ्याउभ्या भाजणी खातीय. बोटं मोडतीय."

"मग थांबा इथंच," ऐनापुरे घाईनं म्हणाले. "तिसरी घेऊ नका. आहे तशी राहू द्या तिला."

पलीकडे पट्ट्याची घरघर चालू होती. "ती खातीय आणि म्हणतीय, आई, लई तापलंय," उज्ज्वला म्हणाली. "ते पण तसंच येतंय साहेब. अगदी कानाशी." फोन बंद झाला.

त्यानंतर तिनं फोन केला नाही.

इकडे शैला हळूहळू मिटत चालली होती. आठवण घट्ट होत होती, जशी सगळ्यांची होते. पिनेचा आवाज गेला. भांडणातले शब्द गेले. चांगली बाई होती, गाळणी धुवायला सांगायची, एवढं उरलं. हे व्हायचंच होतं आणि ऐनापुऱ्यांनी मनाची तयारीही केली होती.

तयारी नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. एका दुपारी ते वर्तमानपत्र वाचत होते आणि स्वयंपाकघरात कुणीतरी बोटं मोडली. एक, दोन, तीन. त्यांनी दहापर्यंत मोजली.

त्यांनी स्वतःला समजावलं. ऐकलेलं आहे, म्हणून आठवलं. पण ऐकलेलं असं आठवत नाही. त्यांना तिसरीचं गॅदरिंग आठवत होतं. पत्र्याचा मांडव, तिसऱ्या रांगेतली मोडकी खुर्ची, शेजारी शैला, आणि शैला कुजबुजली होती, "अहो, माशी बघा तिच्या नाकावर!" शैला आणि ईश्वरी आयुष्यात एकदाही भेटल्या नव्हत्या. ऐनापुऱ्यांना मूलबाळ नव्हतं. तरी ती खुर्ची त्यांना आत्ता टोचत होती.

तेव्हा त्यांना डॉक्टर बापटांचं वाक्य आठवलं. ओली असताना तिच्यावर जे उमटेल ते राहतं. गिरणीवर बसले होते त्या दुपारी त्यांचं दार उघडं होतं. आधीच्या ड्यूटीचा शीण अंगात असताना त्यांनी दुसऱ्याची ड्यूटी घेतली होती, आणि हा एकच नियम ते एकतीस वर्षं इतरांना लावत आले होते.

शैला गेली त्या वेगानं ईश्वरी जाईना. ती रोज स्पष्ट होत गेली. ती ओट्याशी उभी राहायची, चिमटीनं पीठ खायची. ऐनापुऱ्यांना तिची सवय झाली, थोडं बरंही वाटू लागलं. आणि एके दिवशी, भर दुपारी, तिचा हात त्यांच्या हाताला लागला. चटका बसावा इतका गरम.

"बाबा, दवाखान्यात जाऊया."

आणि ऐनापुऱ्यांना आठवलं. आपण काय उत्तर दिलं होतं ते नेमकं आठवलं, आपल्याच आवाजात. एवढं होऊ दे. सकाळी नेतो.

ते खुर्चीत बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

समितीचं पत्र पाचव्या महिन्यात आलं. मोकळा काळ दोन आठवड्यांवरून दहा आठवडे करण्यात आला होता. पुढच्या तुकडीपासून. डॉक्टर बापटांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि आभार मानले. "तुमच्या जागी आलेल्या बाईंचा शोकांक शून्य आहे," फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी त्याला चांगला परिणाम म्हटलं नाही.

त्या आठवड्यात ऐनापुऱ्यांनी पाच किलो ज्वारी पिशवीत भरली. अर्जाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. अदलाबदल मोडता येते. दोघांपैकी एकानं सांगितलं की मोडते. ते तिला कागद दाखवणार होते, सही दाखवणार होते. मुलगी तुमची आहे, परत घ्या, निदान तो एक दिवस तरी परत घ्या, असं म्हणणार होते. दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं. दुपार झाली की त्यांच्या हाताला चटका बसत होता.

गिरणीवर गर्दी होती. उज्ज्वला तरतरीत दिसत होती. कोपऱ्यात नवा रेडिओ लागला होता.

"या की, बसा," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. "ज्वारी का? बारीक दळू?"

"मला ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? केंद्रातले साहेब. मला जागा दिलीत तुम्ही. लई उपकार झाले बघा." ती पिशवी काट्यावर ठेवता ठेवता बोलत होती. "आधी मला झोपच नव्हती म्हणे. कशानं ते डॉक्टरणीला पण सांगता येईना. शेजारणी काय काय सांगतात, माझी मुलगी होती म्हणून. मी म्हणते, असेल बाई. रडायला येत नाही, त्याला मी काय करू?"

ऐनापुऱ्यांचा हात खिशात कागदावर होता.

उज्ज्वलानं बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला, घरघर वाढली. ऐनापुऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पट्ट्याचा आवाज तिच्या कानात जात होता आणि तिला तो नुसता पट्ट्याचाच ऐकू येत होता. ती रेडिओवरच्या गाण्याबरोबर गुणगुणत होती.

खिशातला हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला.

पीठ पिशवीत भरताना उज्ज्वलाला काहीतरी आठवलं. तिनं मागच्या खिळ्यावरून पिवळी ओढणी काढली, झटकली. पिठाचा धुरळा उडाला.

"साहेब, ही कुणा गिऱ्हाइकाची तरी राहिलीय. किती महिने इथंच आहे. टाकवत पण नाही, चांगली आहे. तुमच्याकडच्या कुणाची नव्हं?"

ऐनापुऱ्यांनी ओढणी हातात घेतली. तिच्यात ऊब होती. गिरणीची असेल.

"माझ्या मुलीची आहे," ते म्हणाले.

"मग जपायला सांगा तिला," उज्ज्वला पुढचा डबा ओढत म्हणाली. "पट्ट्यात अडकली असती म्हणजे?"

"सांगतो," ऐनापुरे म्हणाले, आणि घराकडे निघाले. दुपारचे दोन वाजत आले होते. त्यांनी पावलं उचलली. आज ते तिला थांब म्हणणार नव्हते.